स्कायरिममध्ये आपला चेहरा घडवताना: पहिल्यांदा मॉड टाकणाऱ्यांसाठी

मी सांगलीत हौशी नाटकांची रंगभूषा करते आणि रात्री स्कायरिम हा संगणकावरचा गेम खेळते. त्यामुळे ओळखीतलं कुणी नव्याने मॉड (गेममध्ये बदल करणाऱ्या, चाहत्यांनी बनवलेल्या फायली) टाकायला बसलं की हमखास मला विचारतं, "ताई, चेहऱ्याच्या मॉडची सुरुवात कुठून करू?" माझं उत्तर ठरलेलं आहे. आधी स्वतःच्या पात्राचा चेहरा, गावातल्या बाकीच्यांचे नंतर.

त्यामागे गेमचीच रचना आहे. तुमच्या पात्राचा चेहरा गेम जागच्या जागी जुळवतो: नाक, डोळे, भुवया, केस, रंग हे सगळं तुम्ही स्लायडर हलवाल तसं तुमच्यासमोर बदलतं. लिडिया, बालग्रूफ, दुकानदार, पहारेकरी अशा गेममधल्या इतर पात्रांचं तसं नाही. त्यांचे चेहरे आधीच तयार करून फायलींमध्ये ठेवलेले असतात आणि ती फाइल एका बाजूला नि गेममधली नोंद दुसऱ्या बाजूला गेली की चेहरा काळवंडतो. तो गुंता सोडवायला थोडा सराव लागतो. स्वतःच्या चेहऱ्यात तो गुंता नाहीच, म्हणून शिकायला तो चांगला.

मी इथे फक्त संगणकावरच्या स्कायरिम स्पेशल एडिशनबद्दल लिहितेय. मूळ गेम २०११ चा, स्पेशल एडिशन २०१६ ची. नेक्सस मॉड्स या मॉडच्या संकेतस्थळावर या दोघांचे विभाग वेगळे आहेत. जुन्या विभागातला मॉड नव्या गेममध्ये तसाच टाकू नका, त्यातल्या मेश (आकार ठरवणाऱ्या जाळ्या) नव्या गेमसाठी बदलून घ्याव्या लागतात. एक्सबॉक्स आणि प्लेस्टेशनवर स्क्रिप्ट एक्स्टेंडर (बऱ्याच मॉडना लागणारा, गेमची क्षमता वाढवणारा जोड-प्रोग्रॅम) चालत नाही, त्यामुळे पुढचं बरंचसं तिथे लागू होणार नाही.

पायाभरणी

सर्वांत आधी गेमची आवृत्ती बघा. गेमच्या फोल्डरमध्ये स्कायरिमएसई नावाची एक्सई फाइल आहे, तिच्यावर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये डीटेल्स उघडा. स्टीम या ऑनलाइन दुकानातून गेम घेतलेल्यांना बहुधा १.५.९७ किंवा १.६.११७० दिसेल. हा आकडा कागदावर लिहून ठेवा. पुढे प्रत्येक मॉडच्या पानावर 'कुठल्या आवृत्तीसाठी' असं लिहिलेलं असतं, आणि नवख्यांच्या अर्ध्या अडचणी तो आकडा न बघितल्यामुळेच होतात. त्यानंतर स्टीममध्ये गेमच्या अपडेट सेटिंगमध्ये जाऊन 'गेम सुरू केल्यावरच अपडेट कर' हा पर्याय निवडा. खाली सांगितलेली एक वेळ सोडली तर यापुढे गेम स्टीमच्या बटणाने सुरू करायचाच नाही.

गेम विंडोजच्या प्रोग्रॅम फाइल्समध्ये असेल तर तिथून हलवा. तिथे विंडोज फायली बदलायला आडकाठी करतं. डी ड्राइव्हवर स्टीमची नवी लायब्ररी बनवून गेम तिकडे न्या. मग स्टीमच्या लाँचरमधून एकदाच गेम सुरू करून बंद करा, म्हणजे सेटिंगच्या फायली तयार होतील.

आता मॉड मॅनेजर, म्हणजे मॉड टाकायचं-काढायचं साधन. व्होर्टेक्स वापरणारे पुष्कळ आहेत आणि ते वाईट नाही. तरी चेहऱ्याच्या कामासाठी मी मॉड ऑर्गनायझर २ च सांगेन, कारण ते गेमच्या डेटा फोल्डरला हातच लावत नाही. प्रत्येक मॉड आपापल्या फोल्डरमध्ये राहतो आणि गेम चालू असतानाच सगळे एकत्र असल्याचा भास निर्माण केला जातो. एखादी त्वचा आवडली नाही तर डावीकडच्या यादीत तिच्यासमोरची टिकमार्क काढली की झालं, मागे काही उरत नाही. चेहऱ्याचं काम म्हणजे लावून बघणं आणि पुसणं, त्यामुळे ही सोय मोलाची आहे.

मग एसकेएसई, म्हणजे स्क्रिप्ट एक्स्टेंडर. १.५.९७ ला २.०.२० लागतं, १.६.११७० ला २.२.६. गॉग या दुसऱ्या दुकानातून गेम घेतला असेल तर त्याचं वेगळं एसकेएसई आहे. त्याचा लोडर आणि डीएलएल फायली गेमच्या एक्सई शेजारी ठेवा, स्क्रिप्टचं फोल्डर मॉड म्हणून टाका. मॉड ऑर्गनायझरमधून लोडर चालवा, गेम उघडला की एस्केपखालच्या कळीने कन्सोल (आज्ञा टाइप करायची जागा) उघडा आणि 'गेट-एसकेएसई-व्हर्जन' हे शब्द इंग्रजीत, मधे जागा न सोडता टाइप करा. आकडा आला की पाया पक्का. आला नाही तर पुढे एकही मॉड टाकू नका, आधी हेच निस्तरा.

सोबत अ‍ॅड्रेस लायब्ररी टाका. इतर बरेच मॉड तिच्या आधारावर चालतात.

रेसमेन्यू

चेहऱ्यासाठी एकच मॉड टाकायचा म्हटलं तर तो रेसमेन्यू. मूळ गेमच्या पात्रनिर्मितीच्या पडद्याची जागा हा घेतो. स्लायडर कितीतरी वाढतात, रंग हवा तसा निवडता येतो, अंगावर रंगकाम चढवता येतं आणि स्कल्प्ट नावाच्या भागात चेहऱ्याची जाळी थेट ओढता-दाबता येते. १.५.९७ आणि १.६ साठी याच्या फायली वेगळ्या आहेत, मघाचा कागद काढा.

हेल्गेनची घोडागाडी, म्हणजे गेमचा सुरुवातीचा प्रसंग, दर वेळी बघत बसायची गरज नाही. मुख्य मेन्यूवर असतानाच कन्सोल उघडून 'सीओसी रिव्हरवुड' असं इंग्रजीत टाइप केलं की एका तयार पात्रासह तुम्ही थेट रिव्हरवुड गावात उभे राहता. तिथे 'शो रेस मेन्यू' हे तीन शब्द एकमेकांना चिकटवून टाइप करा, पडदा उघडेल. ही तालमीची जागा आहे. इथून खरा खेळ पुढे नेऊ नका, कथेचा सुरुवातीचा भाग इथे घडलेलाच नसतो. चेहरा जमला की एफ५ दाबून प्रीसेट (चेहऱ्याची सगळी मांडणी असलेली फाइल) साठवा, मग खरा नवा गेम सुरू करून पडदा आला की एफ९ ने तो उचला.

प्रीसेटची फाइल मॉड ऑर्गनायझरच्या यादीत अगदी तळाशी असलेल्या ओव्हरराइटमध्ये जाऊन पडते. ती तिथेच राहू देऊ नका. 'माझे चेहरे' असा एक रिकामा मॉड बनवून तिथे हलवा.

चालू खेळात पात्र बदलायचं असेल तर हाच पडदा उघडता येतो, पण आधी सेव्ह करा आणि वंश बदलू नका. वंश बदलला की कौशल्यांचे आकडे विस्कटू शकतात. खेळाच्या जगातच राहून बदल करायचा असेल तर रिफ्टन शहरातल्या रॅगेड फ्लॅगन खानावळीत गलाथिल नावाचं पात्र बसतं. ती हजार सोन्याच्या नाण्यांत चेहरा बदलून देते आणि वंशाला हात लावत नाही.

एका वेळी एकच थर

रंगमंचावर आधी बेस, मग छटा, मग रेषा, शेवटी केस असा क्रम असतो. इथेही क्रम आहे: शरीर, त्वचा, डोक्याची जाळी, मग केस-डोळे-भुवया. प्रत्येक थर टाकला की गेम उघडून बघायचं, मगच पुढचा. एकदम वीस मॉड टाकले आणि मान वेगळ्या रंगाची दिसली, तर कुणामुळे ते शोधायला रविवार जातो.

शरीर बदलायचं की नाही ते तुमच्यावर आहे. चिलखतातच फिरणार असाल तर नाही बदललं तरी चालतं. बदलायचं तर स्त्री-पात्रासाठी सीबीबीई आणि पुरुषासाठी हिम्बो बरे. सीबीबीई टाकताना एक खिडकी पर्याय विचारते, त्यात अंतर्वस्त्रांसह असलेला पर्यायही आहे. घरात सगळ्यांसमोर खेळत असाल तर तो घ्या. हे शरीर हवं तसं घडवायला बॉडीस्लाइड लागतं आणि ते मॉड ऑर्गनायझरमधूनच चालवायचं. बॉडीस्लाइड प्रत्येक शरीराच्या दोन फायली बनवतं, एकीच्या नावाशेवटी शून्य, दुसरीच्या एक. शून्य म्हणजे सर्वांत सडपातळ, एक म्हणजे सर्वांत भरलेलं, आणि खेळातला वजनाचा स्लायडर या दोघींच्या मधलं काहीतरी काढून दाखवतो. हे कळलं की चिलखत घातल्यावर अंग का बदलतं तेही कळतं: चिलखतांची मेश तुमच्या शरीराच्या मापाने बनवलेलीच नसते. बॅच बिल्ड करून सगळे कपडे एकाच मापाने बनवा.

त्वचेबाबत एकच नियम आहे, पण तो मोडू नका: डोकं, धड आणि हात यांची त्वचा एकाच मॉडमधून घ्या आणि ती तुमच्या शरीराच्या मॉडसाठीच बनवलेली असू दे. सीबीबीईची त्वचा यूएनपी या दुसऱ्या प्रकारच्या शरीरावर बसत नाही, कारण चित्र अंगावर कसं गुंडाळायचं याचा नकाशाच दोन्हींत वेगळा आहे. शिवाय प्रत्येक भागासाठी नुसतं रंगाचं चित्र नसतं. उंचसखलपणाचं वेगळं, चमक ठरवणारं वेगळं, प्रकाश कातडीत झिरपल्यावर दिसणाऱ्या लालीचं वेगळं. डोक्याचं उंचसखल चित्र एका मॉडचं आणि धडाचं दुसऱ्याचं असलं की रंग जुळूनही गळ्याभोवती रेघ उमटते. मानेवरची ती रेघ दिसली तर स्लायडरशी झटापट करू नका. डावीकडच्या यादीत विजेचं चिन्ह बघा, कोण कोणावर चढलंय ते कळेल. यादीत खाली असलेला मॉड जिंकतो.

४के की २के? साधा हिशेब आहे. दाबून साठवलेलं ४के चित्र ग्राफिक्स कार्डच्या मेमरीत साधारण २१ एमबी घेतं, २के साधारण ५. कार्डची मेमरी ४ जीबी असेल तर धडाला २के पुरे, चेहऱ्याला हवं तर ४के. गावातल्या सगळ्या बायका एकच त्वचा वापरत असतील तर ती एकदाच मेमरीत येते, त्यामुळे ओझं फारसं नाही. ओझं येतं ते प्रत्येक पात्राची आपली स्वतंत्र त्वचा घेऊन येणाऱ्या मॉडमुळे.

डोक्याच्या जाळीसाठी हाय पॉली हेड. मूळ डोक्याला कोपरे दिसतात, कपाळ आणि जबड्यावर विशेष. याने ते गुळगुळीत होतं. इथेच एक गोष्ट सांगून ठेवते, कारण हा प्रश्न मला सारखा येतो: नेक्ससवरून उतरवलेला सुंदर प्रीसेट तुमच्याकडे विद्रूप दिसतो, तो बहुतेक वेळा याचमुळे. तो हाय पॉली हेडवर बनवलेला असतो आणि तुमच्याकडे मूळ डोकं असतं, किंवा उलट. प्रीसेटच्या पानावर लागणाऱ्या मॉडची यादी असते, ती पूर्ण टाका.

केसांसाठी केएस हेअरडूज लोकप्रिय आहे आणि त्यात हवं ते मिळतं. पण त्यातले पुष्कळ केस नुकते पार्लरमधून आल्यासारखे असतात आणि स्कायरिमच्या थंडीत, भेगाळलेल्या लाकडी घरांत ते मला खटकतात. खेळाच्या मूळ रूपाशी जुळणारं हवं असेल तर नुसता मूळ केसांचा पोत सुधारणारा मॉड घ्या. वाऱ्यावर हलणारे केस सुरुवातीला नकोत, त्यांना वेगळी यंत्रणा लागते. केस किंवा अंग जांभळं दिसलं तर चित्राची फाइल सापडत नाहीये, मॉड पुन्हा नीट टाका.

सावळा रंग

यावर मला थोडं जास्त बोलायचंय. माझं पात्र गोदा रेडगार्ड (गेममधल्या सावळ्या लोकांचा वंश) आहे, धनुर्धारी, आणि तिचा रंग आपल्याकडच्या कुठल्याही बाईचा असावा तसा आहे. असा चेहरा जमवणं अवघड नाही, पण बहुतेक प्रीसेट आणि त्वचेची मॉड गोऱ्या रंगाला धरून बनवलेली दिसतात.

गेम त्वचेच्या मूळ चित्रावर रंगाचा थर चढवतो. मूळ चित्रात गालावर, नाकाच्या शेंड्यावर, पापण्यांभोवती गुलाबी रंगवलेला असेल तर त्यावर सावळा थर आला की त्या जागा जांभळट-राखाडी होतात आणि माणूस आजारी दिसतो. म्हणून त्वचा निवडताना तिच्या पानावर सावळ्या पात्राची चित्रं आहेत का ते आधी बघा. नसतील तर रेडगार्ड पात्रावर लावून पारखा. रेसमेन्यूत त्वचेचा रंग थेट निवडता येतो. नुसता गडद करत नेऊ नका, पिवळसर-तांबूस बाजूला सरकवा. रंगभूषेत आम्ही सावळ्या चेहऱ्याला उठाव देताना पांढरट काही लावत नाही, उबदार रंगच लावतो, आणि पडद्यावरही डोळ्याला तेच बरोबर दिसतं.

ओठांना गुलाबी सोडून विटकरी घ्या, तीव्रता अगदी कमी. केस शुद्ध काळे ठेवू नका, बटांच्या रेषा हरवून डोक्यावर टोपी घातल्यासारखं दिसतं. अगदी गडद तपकिरी घ्या, खेळात ते काळेच दिसतील. डोळेही तपकिरीच ठेवा, चकाकणाऱ्या डोळ्यांचे मॉड सावळ्या चेहऱ्यावर फार अंगावर येतात. डोळ्यांखाली किंचित काळपटपणा राहू द्या. माणसांना तो असतो.

उजेड

रेसमेन्यूच्या पडद्यावर चेहऱ्यावर एक जास्तीचा दिवा पडतो, तो चालू-बंद करायची कळ खालच्या पट्टीत दिसते. आधी तो बंद करा. त्या दिव्याखाली सगळेच चेहरे छान दिसतात आणि खेळात तो कुठेच नसतो.

मग चेहरा घेऊन फिरा. कन्सोलमध्ये 'सेट गेमअवर टू ६' टाइप केलं की पहाट, १२ केलं की दुपार, १८ ला संध्याकाळ. तीन वेळांना रिव्हरवुडच्या रस्त्यावर उभं राहून बघा, मग स्लीपिंग जायंट खानावळीत शेकोटीजवळ. 'टीएफसी' टाइप केल्यावर कॅमेरा मोकळा होतो, बाजूने आणि खालून बघा. समोरून देखणं नाक बाजूने चोचीसारखं निघणं अगदी नेहमीचं आहे. पात्र पापणी मिटतं तेव्हा बुबुळ पापणीतून बाहेर येत असेल तर डोळ्यांचे स्लायडर टोकाला गेलेत, मागे आणा. शाउट (गेममधली जादुई आरोळी) मारून तोंड उघडल्यावर ओठांचं काय होतं तेही बघा.

ईएनबी किंवा हवामान-प्रकाशाचा मॉड टाकायचा असेल तर चेहऱ्याआधी टाका. दिवे ठरल्याशिवाय मी कुणाच्या चेहऱ्याला हात लावत नाही, कारण निळसर प्रकाशात केलेला चेहरा पिवळ्या प्रकाशात वेगळाच निघतो, आणि मग दोष त्वचेच्या मॉडला दिला जातो.

आता लिडिया

स्वतःचा चेहरा मनासारखा झाला की एकाच पात्राचा मॉड टाकून बघा. लिडिया बरी, कारण ती सतत सोबत असते. तिच्या मॉडमध्ये दोन गोष्टी येतात: एक प्लगइन, ज्यात नाक-डोळे-केसांची नोंद असते, आणि आधीच घडवलेली डोक्याची फाइल, जिचं नाव लिडियाच्या क्रमांकावरून, ०००ए२सी८ई असं असतं. गेम या दोघी ताडून बघतो. दोन्ही एकाच मॉडच्या असल्या की चेहरा नीट. प्लगइन एका मॉडचं जिंकलं आणि डोक्याची फाइल दुसऱ्याची, की डोकं काळं-करडं आणि धड नेहमीच्या रंगाचं.

म्हणून मॉड ऑर्गनायझरमध्ये दोन्ही याद्या बघायच्या. डावीकडे फायलींचा क्रम, उजवीकडे प्लगइनचा. लिडियाचा मॉड दोन्हीकडे इतरांच्या खाली हवा. गेममधल्या चुका दुरुस्त करणारा अनऑफिशियल पॅच हा मॉडही काही पात्रांच्या नोंदी बदलतो, तेव्हा चेहऱ्यांचे मॉड त्याच्याही खाली. लूट नावाचं साधन उजवीकडची यादी लावून देतं, डावीकडची तुम्हालाच लावावी लागते. गावंच्या गावं बदलणारे दोन मोठे मॉड एकत्र टाकायची घाई नको. नंतर टाकालच, तेव्हा एसएसईएडिट (प्लगइनमधल्या नोंदी दाखवणारं साधन) उघडून कोणाची नोंद जिंकते ते बघायला शिका.

प्लगइनची मर्यादाही लक्षात असू द्या. साध्या प्लगइनना २५४ जागा आहेत, 'लाइट' प्रकारच्यांना वेगळ्या ४०९६. एकेका पात्राचे मॉड लाइट प्रकारात मिळत असतील तर तेच घ्या.

चेहरा कुणाला द्यायचा झाला तर नुसती प्रीसेटची फाइल पाठवू नका. डोक्याची जाळी, त्वचा, केस, भुवया आणि डोळे कुठल्या मॉडचे आहेत ते पाच ओळींत लिहून सोबत द्या. त्या मॉडच्या फायली स्वतः गोळा करून पाठवू नका, पानाचा दुवा द्या. बनवणाऱ्यांनी परवानगीच्या रकान्यात काय लिहिलंय ते वाचा, आणि ज्यांचं काम वापरताय त्यांच्या पानावर जाऊन एंडॉर्स करा, म्हणजे पसंती नोंदवा.